नीट पुन्हा देताना: आधी गेल्या पेपरचा हिशोब, मग नवा अभ्यास

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. गाव हिंगोली जिल्ह्यात, बारावी नांदेडला, 4 मे 2025 ची नीट (वैद्यकीय प्रवेशाची देशभरची परीक्षा) हा पहिलाच प्रयत्न, 720 पैकी 431 गुण, प्रवर्ग ओबीसी. मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरांत, 480 पर्यंत यायचे, पण पेपरात घसरले. एमबीबीएसच्या कुठल्याच फेरीत नाव लागलं नाही, आणि आता आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या) फेरीत एका खासगी कॉलेजात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, मिळतंय. बाबा म्हणतात, अजून एक वर्ष दे. आई म्हणते, हातात आलंय ते सोडू नको. आणि तू विचारतेस, "मॅडम, पुन्हा बसले तर या वेळी माझा अर्ज भक्कम कसा करू? रोज किती तास अभ्यास करू?"

मी नांदेडला चोवीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. रिपीटर, म्हणजे पुन्हा नीट देणाऱ्या, मुलांची तुकडी गेली बरीच वर्षं माझ्याकडेच असते, आणि निकाल लागल्यापासून दिवाळीपर्यंत फॉर्म भरायला येणाऱ्या आईबाबांनी आमचा ओटा भरलेला असतो. तेव्हा जे पाहिलंय तेवढ्यावरूनच सांगते.

'अर्ज भक्कम करणं' हा शब्द तू बरोबर वापरलास, पण त्याचा आपल्याकडचा अर्थ आधी नीट समजून घे. आपल्या एमबीबीएसच्या प्रवेशाला निबंध नाही, मुलाखत नाही, कुणाचं शिफारसपत्र चालत नाही. तीनच गोष्टी मोजल्या जातात: तुझी रँक, तुझे कागद आणि तू भरलेला कॉलेजांचा पसंतीक्रम. मुलं वर्षभर पहिल्या गोष्टीमागे धावतात, दुसरी जूनमध्ये आठवते, आणि तिसरी शेवटच्या रात्री कॅफेत बसून कुणाच्या तरी सांगण्यावरून भरली जाते. माझ्या माहितीतल्या अनेक मुलांची जागा दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीमुळे गेलेली आहे, म्हणून तिन्हींबद्दल लिहिते. पण सुरुवात रँकपासूनच.

तासांचा प्रश्न सध्या बाजूला ठेव. दहा तास बसू की बारा, हे ठरवण्याआधी तुला एक गोष्ट माहीत हवी आणि ती तुझ्या प्रश्नात कुठेच नाही. 720 मधून 431 वजा केले तर 289 उरतात. हे 289 गुण नेमके कुठे गेले? तू लिहिलंस, "फिजिक्सने घात केला." असेलही, 2025 चं फिजिक्स अवघडच होतं, भलेभले हादरले. पण हे तू मोजून सांगितलेलं नाहीस, दुखलं तिथं बोट ठेवलंयस. गुणपत्रकावर विषयवार पर्सेंटाइल असतं, विषयवार गुण नसतात, त्यामुळे बहुतेक मुलांना आपले फिजिक्सचे गुण कधी कळतच नाहीत. ती 'फिजिक्स कच्चं' असं धरून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतात आणि पुढच्या मे महिन्यात तिथेच उभी असतात.

म्हणून पहिलं काम हे. एनटीएने (ही परीक्षा घेणारी संस्था) ओएमआर शीटची, म्हणजे गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची, जी प्रत दिली होती ती शोध, अंतिम आन्सर की शेजारी ठेव आणि एक-एक प्रश्न मोज. बरोबर, चूक, सोडलेले, तिन्ही विषयांचे वेगळे. तासाभराचं काम आहे. निकालानंतर त्या पेपराकडे पाहायला नको वाटतं हे मला माहीत आहे. कित्येक मुलं हे करताना रडतात, तरी मी त्यांना करायला लावते.

431 कसे तयार होतात, याचं एक उदाहरण मांडून दाखवते. बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1, सोडलेल्याला शून्य. समजा फिजिक्समध्ये 20 बरोबर, 18 चूक, 7 सोडलेले: झाले 62. केमिस्ट्रीत 28 बरोबर, 14 चूक, 3 सोडलेले: 98. बायोलॉजीच्या 90 पैकी 72 बरोबर, 17 चूक, 1 सोडलेला: 271. बेरीज 431. म्हणजे एकूण 120 बरोबर, 49 चूक आणि 11 सोडलेले. आता या 49 चुकांकडे बघ. चुकीचं एक उत्तर बरोबर झालं की चार मिळतात आणि कापलेला एक परत येतो, म्हणजे पाच गुणांचा फरक. त्या 49 पैकी 15 प्रश्न जरी असे निघाले की जे तुला येत होते आणि तरी चुकले, तर 75 गुण तिथेच सांडले. 431 चे 506 झाले असते, एकही नवा धडा न शिकता.

तुझे आकडे वेगळे असतील. पण मोजल्यावर प्रत्येक चुकीपुढे एक खूण कर: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न वाचण्यात चूक झाली ('अयोग्य विधान ओळखा' ऐवजी योग्य शोधलं, ही बायोलॉजीतली सर्वांत महागडी चूक), आकडेमोडीत किंवा गोल काळा करण्यात चूक झाली, आणि शेवटी, दोन पर्यायांत अडकून एक ठोकला. या खुणांची बेरीज हीच तुझी खरी गुणपत्रिका. पहिल्या खान्यात गर्दी असेल तर शिकायचं बाकी आहे. दुसऱ्यात असेल तर उजळणी कमी पडली. तिसऱ्या-चौथ्यात असेल तर तुला नव्या क्लासची गरजच नाही, पेपर सोडवण्याच्या सवयीची आहे. मॉकला 480 आणि परीक्षेत 431, म्हणून मला तुझ्या तिसऱ्या-चौथ्या खान्याची शंका येते. अर्थात मॉकचे पेपर सोपे होते असंही असू शकेल. मोजल्याशिवाय कळणार नाही.

अंदाजाने उत्तर ठोकण्याबद्दल थोडं, कारण यावर मुलांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. चार पर्यायांत पूर्ण आंधळेपणाने उत्तर दिलं तर चारांत एकदा 4 मिळतात आणि तीनदा 1 जातो. सरासरीने एका प्रश्नाला पाव गुण हाती लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. म्हणून 'खात्री नसेल तर सोडूनच द्या' हेही बरोबर नाही आणि 'एकही सोडू नका' हेही नाही. खोडलेले दोन पर्याय खरंच ज्ञानाने खोडले की मनाची समजूत घातली, एवढंच स्वतःशी प्रामाणिकपणे ठरव. अर्धवट माहितीवर भुलवणारा पर्याय पेपर काढणारे मुद्दाम ठेवतात आणि 'बहुतेक हेच' म्हणणारी मुलं त्यातच सापडतात. मागच्या मॉक पेपरांत दोन पर्यायांवर अडकलेली तुझी किती उत्तरं बरोबर आली ते मोज, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

आता लक्ष्य किती ठेवायचं? ओट्यावर येणारे बाबा विचारतात, "मॅडम, सहाशे पाहिजेत ना?" तर असा आकडा कुणाकडूनही घेऊ नकोस. 2024 ला 600 च्या वर गेलेली मुलं ऐंशी हजारांहून जास्त होती आणि सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण 686 होते आणि 600 च्या वरची मुलं दीड हजारही नव्हती. एकाच गुणांची किंमत वर्षभरात एवढी बदलली. त्यामुळे गुणांशी तुलना करू नकोस, रँकशी कर. 2025 ला महाराष्ट्राच्या यादीत तुझ्या प्रवर्गात शेवटची सरकारी जागा ज्या रँकला गेली ती सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश करणारं सरकारी कार्यालय) निवड यादीत दिसते. ती आणि तुझी रँक शेजारी लिही. मधलं अंतर किती हजारांचं आहे ते डोळ्यांनी बघ. आणि समान गुण आले तर आधी बायोलॉजीचे गुण पाहतात, हेही लक्षात असू दे.

वर्ष द्यायचं की नाही हे मी इथून ठरवू शकत नाही, कारण ते चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि चारही तुझ्या घरात आहेत. पहिल्या प्रयत्नात अभ्यासक्रम पुरा झाला होता का. चुकांची गर्दी कोणत्या खान्यात आहे. नांदेडची खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज मिळून खर्च सहज लाखाच्या पुढे जातो, तो कर्ज न काढता झेपतो का. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: हे वर्ष तुला हवंय की बाबांना?

माझा कल विचारशील तर सांगते. पहिलाच प्रयत्न होता, फिजिक्सची दोन युनिटं राहिली असं तू स्वतः लिहिलंयस, मॉक बरे होते. अशा मुलीने एक वर्ष द्यावं, या मताची मी आहे. पण एकच, आणि ठरवून. कारण तिसऱ्या, चौथ्या प्रयत्नाबद्दल माझं मत अनुभवाने बदललंय. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मीच म्हटलं होतं, "थोडक्यात हुकलं, अजून एकदा दे." त्याने दिली, आधीपेक्षा कमी गुण आले. पुढची दोन वर्षं तो घराबाहेर पडेनासा झाला होता. तो सल्ला मी दिला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वरच्या वयाची अटही राहिलेली नाही. म्हणून मर्यादा आपणच घालायची असते, आणि ती वर्ष सुरू होण्याआधी घालायची, निकालानंतर नाही.

बीएएमएसबद्दल आईला चुकीचं ठरवू नकोस. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, एमबीबीएसइतकाच काळ. आपल्या जिल्ह्यात रात्री-अपरात्री दार उघडणारे कितीतरी डॉक्टर बीएएमएस आहेत. तुला आयुर्वेद शिकायची इच्छा असेल तर ती जागा घे आणि मागे पाहू नकोस. मला फक्त मधला मार्ग धोक्याचा वाटतो: प्रवेश घ्यायचा, तिथे बसून नीटचा अभ्यास करायचा. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात, मुदतीनंतर जागा सोडली तर भुर्दंड पडतो, आणि पहिल्या वर्षाची रचना शारीर, क्रिया शारीर, संस्कृत यांतून वर डोकं काढायला उसंत मिळत नाही. हे जमलेली मुलं मी पाहिली आहेत, पण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तरी करायचंच असेल तर जागा सोडण्याचे नियम माहितीपुस्तिकेत स्वतः वाच, बाबांना वाचायला लाव आणि मगच सही कर.

समजा, वर्ष द्यायचं ठरलं. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली, म्हणजे दिवाळीपासून धरलं तर तुझ्या हातात साधारण साडेसहा महिने. तुझे जून ते ऑक्टोबर फेऱ्यांची वाट पाहण्यात गेले. 'पुढच्या फेरीत लागेल' या आशेवर पुस्तक उघडलं जात नाही. दरवर्षी हेच होतं, तुझी एकटीची चूक नाही. पण हे महिने गेले हे धरूनच आखणी करायची. सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून करायला आता वेळ नाही आणि तुला ती गरजही नाही.

बायोलॉजीपासून सांगते, कारण तो माझा विषय आणि निम्मा पेपर त्याचा. आपली मुलं राज्य मंडळाच्या पुस्तकावर वाढतात, नीटची भाषा मात्र एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांची, आहे. धडा तोच, पण वाक्य वेगळं, उदाहरण वेगळं, आकृतीखालची ओळ वेगळी. आणि प्रश्न त्या ओळीवरच येतो. बारावीला 90 टक्के मिळवलेली मुलगी इथेच गोंधळते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची दोन पुस्तकं, बस. तिसरं पुस्तक आणू नकोस. एक धडा वाचला की पुस्तक मिटून त्यातली प्रत्येक आकृती कोऱ्या कागदावर नावांसकट काढ. जिथे पेन थांबला तिथे ज्ञान संपलं. मोठ्या बहिणीच्या किंवा शेजारच्या मुलाच्या जुन्या नोट्स वापरत असशील तर सावध. 2023 मध्ये अभ्यासक्रम बदलला, मानवी पचनसंस्थेचा आणि वनस्पतींच्या खनिज पोषणाचा धडा गळला, तरी मुलं ते पाठ करत बसलेली मला दिसतात. एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) अभ्यासक्रम उतरवून भिंतीवर लाव आणि जे त्यात नाही त्याला हात लावू नकोस.

तू मराठीतून पेपर दिलास की इंग्रजीतून, ते लिहिलं नाहीस. पेपर मराठीत मिळतो आणि ज्यांची सगळी शाळा मराठीत झाली त्यांनी तो जरूर घ्यावा. पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत निघत नाहीत, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत यायला हव्यात: पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल, पेशीपटल म्हणजे सेल मेम्ब्रेन. अशी एक छोटी वही केली तर पंधरा दिवसांत अडचण संपते.

फिजिक्समध्ये तुझी दोन युनिटं राहिली आहेत ना, ती आधी पूर्ण कर, पण सगळं फिजिक्स 'तयार' करण्याच्या मागे लागू नकोस. 45 प्रश्नांपैकी 20 बरोबर येणाऱ्या मुलीने 28 वर जाणं हे साडेसहा महिन्यांचं काम आहे. 40 वर जाणं हे स्वप्न बघायला ठीक आहे. विद्युतधारा, आधुनिक भौतिकी, उष्मागतिकी, अर्धवाहक या भागांत सूत्र सरळ लागतं, तिथले गुण आधी पक्के कर. केमिस्ट्रीत असेंद्रिय (इनऑर्गॅनिक) भाग पुन्हा एनसीईआरटीच्या ओळींवर आहे, आणि आपल्याकडची मुलं तो नेमका शेवटच्या महिन्यावर ढकलतात.

जानेवारीपासून आठवड्याला एक पूर्ण पेपर, आणि तो दुपारी 2 ते 5 याच वेळेत. परीक्षा त्या वेळेत असते. जेवणानंतरच्या सुस्तीत, मे महिन्याच्या उकाड्यात, 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे आणि त्यातच गोल काळे करायचे; सकाळी सात वाजता पंख्याखाली दिलेल्या मॉकचा त्याला उपयोग नाही. पेपर तीन तासांचा, पण तपासणी चार तासांची. मघाशी सांगितलेले चुकांचे खाने प्रत्येक पेपरनंतर भर. माझ्या मुलांच्या चुकांच्या वह्या मी बघते, गुण नंतर विचारते. चौथ्या-पाचव्या पेपरापर्यंत 'वाचण्यात चूक' हा खाना निम्मा झाला नाही, तर ती मुलं वही फक्त भरतात, वाचत नाहीत असं समजावं.

इथवरचं थोडक्यात: मोजणी, चुकांचे खाने, रँकचं अंतर, मग एका वर्षाचा निर्णय, आणि अभ्यास फक्त गळतीच्या जागी. आता कागद.

माझ्याकडची एक मुलगी, हुशार, गुण पुरेसे. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. प्रस्ताव दिलेला होता, पण आजोबांच्या शाळेच्या नोंदीतलं आडनाव आणि दाखल्यातलं आडनाव यांत एका अक्षराचा फरक, त्यावरून फाइल संबंधित कार्यालयात पडून राहिली. मुदत संपली. तिची गणना खुल्या प्रवर्गात झाली आणि त्या गुणांना तिथे सरकारी जागा नव्हती. तिच्या बाबांनी महिनाभर खेटे घातले, मी दोनदा सोबत गेले, काही झालं नाही. हे आठवलं की अजून वाईट वाटतं, म्हणून तुला कळकळीने सांगते: तुझी वैधता झालेली नसेल तर अभ्यासाच्या आधी, याच आठवड्यात बाबांना त्या कामाला लाव. वडिलांच्या बाजूच्या कुणा रक्तनातेवाइकाची वैधता झालेली असेल तर त्याची प्रत जोड, काम सोपं होतं. दहावीचं गुणपत्रक, आधार, जातीचा दाखला, तिन्हींवरचं नाव अक्षर-अक्षर सारखं आहे का, हे आज रात्रीच ताडून बघ.

नॉन-क्रीमीलेअर दाखला घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, त्याची मुदत बघ. 2026-27 च्या प्रवेशासाठी तो 31 मार्च 2027 पर्यंत चालणारा हवा. शिवाय केंद्राचा ओबीसी दाखला हा निराळा कागद आहे, निराळ्या नमुन्यातला. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्यात ओबीसींना 27 टक्के आरक्षण आहे, पण तिथे राज्याचा दाखला चालत नाही. तहसीलमधून केंद्राच्या नमुन्यातला, 1 एप्रिलनंतर काढलेला दाखला हवा. आपल्याकडची निम्मी मुलं तो काढतच नाहीत आणि तिकडचं दार आपणहून बंद करून घेतात. वर्ष मध्ये गेल्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागेल. तो छोटा कागद आहे, पण ऐन वेळी त्यासाठी धावपळ होते.

आणि नोंदणी तीन ठिकाणी असते, एकदाच नाही. नीटचा अर्ज एनटीएकडे (2025 ला तो फेब्रुवारीत सुरू झाला होता), अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसी या केंद्राच्या प्रवेश समितीकडे, आणि राज्याच्या 85 टक्के जागांसाठी सीईटी सेलकडे. नीटचा निकाल लागला की राज्याच्या यादीत नाव आपोआप येईल असं समजून घरी बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

तू दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलीस, ते उत्तम. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा भाऊ आत्ता दहावीत असेल आणि त्याला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच व्हावी लागते. शिकायला खुशाल पाठवा, पण बारावीचा प्रवेश तिकडच्या शाळेत दाखवलात तर हक्काच्या जागा जातात.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलाय: "वर मोठी कॉलेजं टाकली तर खालचं हातचं जातं." असं होत नाही. गुणवत्ता यादीत तुझा क्रमांक आला की संगणक तुझी यादी वरून खाली वाचतो आणि तुझ्या प्रवर्गात जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल तिथे थांबतो. वरची मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवर तुझ्या मागच्या रँकचं कुणी आधी बसत नाही. म्हणून यादी इच्छेच्या क्रमाने भर आणि लांब भर. 2024 मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. त्यांत तुझं हिंगोली आहे, जालना, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोलीही आहेत. 'नवीन आहे', 'लांब आहे' म्हणून मुलं ही नावं टाकत नाहीत आणि नंतर बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) घेतात. नव्या कॉलेजात शिक्षक कमी असतील, वसतिगृहाची गैरसोय असेल, हे मान्य. पण पदवी त्याच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची आहे. पहिल्या फेरीत मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, वरची हवी असेल तर भरायचा नाही. पण वरची लागली की आधीची आपोआप रद्द होते, म्हणून पुढच्या फेरीआधी, मिळालेल्या जागेपेक्षा कमी आवडीची नावं यादीत ठेवू नकोस.

तुझे मामा म्हणतात ना, "आपल्याला मराठवाड्याच्या कोट्यातून कमी गुणांवर लागेल"? तो 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्येच रद्द झाला. आता अख्ख्या राज्याची एकच यादी. नातेवाईक प्रेमापोटी सांगतात, पण त्यांचं ज्ञान त्यांच्या मुलांच्या वर्षी थांबलेलं असतं.

आणि फोन येतील. निकालानंतर आठवडाभरात "मॅनेजमेंटची सीट आहे, टोकन भरा" असं सांगणारे. बाबांना आत्ताच सांगून ठेव: जागा फक्त यादीतून मिळते, फोनवरच्या माणसाला एक रुपयाही द्यायचा नाही. दोन एकर विकून फसलेलं एक घर मला माहीत आहे.

घरातल्यांशी एक बोलणं करून घे. दर रविवारी "किती पडले?" हा प्रश्न बाबांनी विचारायचा नाही. हवं तर मी त्यांच्याशी बोलेन. त्यांनी महिन्यातून एकदा चुकांची वही बघावी, त्यांना फिजिक्स कळायची गरज नाही. खाने रिकामे होताहेत की भरताहेत ते कुणालाही दिसतं. रात्री झोप सात तास, यात तडजोड नाही. मन फार जड झालं, जेवण जाईना, झोप येईना, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, दिवसा-रात्री कधीही, मराठीत बोलता येतं. रिपीटर मुलं हे कुणाला सांगत नाहीत कारण 'घरचे एवढा खर्च करताहेत' याचं ओझं असतं. तू सांग. आईला सांग, मला सांग.

बीएएमएसच्या प्रवेशाची मुदत जवळ आहे, त्यामुळे मोजणी लांबवू नकोस. ओएमआरची प्रत काढ आणि मला चार आकडे कळव: बरोबर किती, चूक किती, सोडलेले किती, आणि चुकांपैकी किती प्रश्न तुला खरं तर येत होते. चौथा आकडा दहाच्या आत निघाला तर मी माझं मत बदलेन आणि आईच्या बाजूने बोलेन. तो पंधराच्या पुढे असेल तर सोमवारी सकाळी बाबांना वैधतेच्या कामाला पाठव आणि तू एनसीईआरटीचं पुस्तक उघड.